खुंटीवरची टोपी

त्या कंपनीचं नाव मी घेत नाही. घेतलं की दिवसभर तोंड कडू होऊन राहतं. अकोल्यात कापसातली सरकी काढून गाठी बांधणाऱ्या जिन-प्रेस काय, पैशाला पासरी. त्यातलीच एक समजा. रेल्वे लाइनीच्या पलीकडे तिचं भलंमोठं आवार, हंगामात फाटकापासून लागलेली कापसाच्या गाड्यांची रांग, आणि आत आमचे हे, गोपाळकृष्ण, हेडक्लार्क. हंगाम म्हणजे दिवाळीपासून पार होळीपर्यंत. तेवढे महिने माझ्या कपाळाला कुंकू असायचं, पण नवरा दिसायचा नाही. सवाष्णीनं असं बोलू नये म्हणतात. मी बोलते. कोणाच्या बापाची भीती आहे मला?

मी अमरावतीची, अंबापेठेतल्या वकिलाची मुलगी. आमचे बाबा कोर्टातून आले की हातपाय धुऊन झोपाळ्यावर बसत, आम्हाला पाढे विचारत, आईच्या भाजीला नावं ठेवत. पुरुष संध्याकाळी घरी येतो आणि भाजीला नावं ठेवतो, एवढं मला ठाऊक होतं. लग्न होऊन अकोल्याला आले तेव्हा पहिली काही वर्षं तसंच होतं. तेव्हाचा मॅनेजर पान खाणारा, ढेरपोट्या, सुखी माणूस. दिवेलागणीला तो घरी जाई आणि त्याच्या मागोमाग सगळं ऑफिस.

मग मुंबईहून हा आला. साहेब! याची बायको-मुलं तिकडं दादरला, हा इथं बंगल्यावर एकटा. बंगल्यावर जाऊन करणार काय? खुर्चीत बसून राही. आता एकटा बसला असता तर बसो बापडा, आमचं काय गेलं असतं? पण याला सोबत लागे.

त्यानं आल्या आल्या एक काम केलं. आपल्या काचेच्या केबिनसमोरच्या भिंतीवर खुंट्यांची ओळ ठोकून घेतली. प्रत्येक खुंटीखाली एकेका कारकुनाचं नाव रंगवलं. सकाळी यायचं, टोपी आपल्या खुंटीला लावायची. ज्याची टोपी खुंटीवर, तो कामावर. साहेबानं नुसती मान वर केली की काचेतून त्याला सगळी हजेरी दिसे. आणि नियम असा, की साहेब आपली हॅट डोक्यावर घालून उठल्याशिवाय कोणी टोपीला हात लावायचा नाही. हा नियम कुठं लिहिलेला नव्हता. एका कारकुनानं पहिल्याच आठवड्यात टोपी उचलली होती, तो दुसऱ्या दिवसापासून सरकीच्या गोदामात धूळ खात उभा होता. तेवढं पुरलं.

तुम्ही म्हणाल, टोपी राहू द्यायची तिथंच, आपण निघून यायचं. अहो, त्या वेळी घरंदाज माणूस उघड्या डोक्यानं रस्त्यात दिसला की लोक विचारत, "कोण गेलं हो?" उघडं डोकं म्हणजे सुतक. त्या मेल्याला हे बरोब्बर ठाऊक होतं. गाईच्या गळ्यात लोढणं बांधतात नं, तसं यानं माणसांचं डोकं भिंतीला बांधून ठेवलं होतं.

मी यांना म्हटलं, "दुसरी टोपी घ्या एक. एक तिथं लटकू द्या, दुसरी घालून घरी या."

"म्हणजे साहेबाला फसवू?" हे म्हणाले.

"तो तुम्हाला रोज फसवून राहिला, ते चालतं?"

"नियम तो नियम, सरोजिनी."

हे असे. खोटं बोलायचं नाही, उलट बोलायचं नाही, विचारायचं नाही. माणूस लाखाचा हो, पण कण्याच्या जागी देवानं सरकीची पेंड भरली होती. माझ्या नवऱ्याबद्दल मी बोलू शकते, तुम्ही बोलू नका.

काम असतं तर मी एवढी चिडले नसते. हंगामात काम असतंच. पण संध्याकाळी काम संपे, गाठी मोजून होत, आणि हे सगळे बाप्ये नुसते बसून राहत. शेजारची माणिकबाई, तिचाही नवरा तिथंच, ती भिंतीपलीकडून ओरडे, "घातली का वो हॅट साहेबानं?" आणि मी इकडून ओरडे, "कुठची! त्याचं बूड लाखेनं चिकटलंय!" आमच्या आळीतल्या बायका साहेबाच्या हॅटच्या हिशेबानं भाकऱ्या टाकत. टाकल्या की गार होत, नाही टाकल्या की हे येऊन उपाशी बसत. रविवारीसुद्धा नत्थुजी चपराशी दारात उभा. "बाबूजी, साहेबाले करमून नाई राहिलं. बलावलं." साहेबाला करमत नाही म्हणून माझा नवरा ऑफिसात! अहो, त्याला करमत नव्हतं तर वाचायला पुस्तक घ्यावं, कुत्रं पाळावं!

आमची एकुलती एक मुलगी चारुशीला. हिला लहानपणापासून एक काम होतं. सकाळी जिनचा पहिला भोंगा झाला की दाराजवळच्या खुंटीवरून बापाची काळी टोपी काढायची, फडक्यानं पुसायची आणि बापाच्या हातात द्यायची. "बाबा, भोंगा झाला." बाप टोपी घालून गेला की पुन्हा दुसऱ्या दिवशी सकाळी टोपी द्यायलाच त्याची गाठ. तिला गोवर आला तेव्हा बाप नव्हता. शाळेच्या गॅदरिंगमध्ये ती गायली, पहिल्या रांगेत बापासाठी खुर्ची धरून ठेवली होती, त्या खुर्चीवर शेवटी कोणाची तरी पिशवी बसली. पोरगी कधी रुसली नाही. मी रुसायची तिच्या वाटचं.

सत्तावन्न साली तिचं लग्न ठरलं. अमरावतीचंच स्थळ, मोरोपंत वकिलांचा मुलगा, शाळेत मास्तर. संध्याकाळी पाचला घरी येणारा! मी पत्रिकेच्या आधी ते विचारून घेतलं होतं. ज्या दिवशी सुपारी फुटली, त्या दिवशी चारू बापासमोर येऊन उभी राहिली.

"बाबा, माझं कन्यादान तुम्हीच करणार नं?"

हे हसले. "अगं वेडे, बाप नाही तर कोण करणार?"

"हसू नका. मला शब्द द्या. बाकी मी काही मागितलं नाही कधी."

ह्यांचं हसू विरलं. हे उठले, देवघराच्या उंबऱ्याला हात लावला आणि म्हणाले, "दिला शब्द. धार माझ्याच ओंजळीतून पडेल." पोरीनं तेवढं ऐकलं आणि आत जाऊन मुसमुसून रडली. मी पदराला हात पुसत उभी होते, मला सगळं दिसलं.

मुहूर्त निघाला अठ्ठावन्नच्या माघातला, सकाळचा. ह्यांनी महिनाभर आधी सुट्टी मागितली. साहेब म्हणाला, "भर हंगामात लग्न काढलंत?" जसं काही आम्ही कापसाला विचारून मुहूर्त काढायचा होता! मग मोठ्या मेहेरबानीनं म्हणाला, "बरं, तो एक दिवस घ्या." एक दिवस. मुलगी एकच होती, म्हणून एकच दिवस, असं समजून मी गप्प बसले.

लग्नाच्या सकाळी देवक बसलं. आम्ही दोघं जोडीनं पाटावरून उठलो, ह्यांच्या कपाळाला गंध, गंधाला अक्षता चिकटलेल्या, अंगावर रेशीमकाठी धोतर आणि नवा कोट. डोक्यावर नवी टोपी, चारूनंच आणलेली. भटजी म्हणाले, "आता देवक उठेपर्यंत यजमानांनी वेस ओलांडायची नाही हं." तेवढ्यात मांडवाच्या खांबाआडून नत्थुजी दिसला.

"काहून आला रे?" मी विचारलं.

"बाई, माह्यावर काऊन चिडता? वॅगनी लागल्या. गाठीवरचे मार्के फकस्त बाबूजीलेच समजते म्हने साहेब. घंटाभराचं काम हाये म्हनते."

"आज माझ्या लेकीचं लग्न आहे म्हणावं!"

"मी सांगतलं त त्यानं मलेच झापलं."

नत्थुजीचा काय दोष? तो बिचारा खाली मान घालून उभा. मी ह्यांच्याकडे पाहिलं आणि समजले. हा माणूस आधीच निघाला होता, नुसते पाय इथं होते.

"तासाभरात येतो," हे म्हणाले. "मुहूर्ताला अवकाश आहे अजून."

"देवक बसलंय. वेस ओलांडू नका म्हणाले भटजी."

"जिन म्हणजे काय वेशीबाहेर आहे?"

चारू गौरीहरापाशी बसली होती, हातात तांदूळ. नवरीनं तिथून उठायचं नसतं, बोलायचं नसतं. तिनं नुसतं वर पाहिलं. ह्यांनी तिच्याकडे पाहून दोन्ही हातांची ओंजळ करून दाखवली, म्हणजे शब्द लक्षात आहे, आणि गेले.

तास झाला. वऱ्हाड मांडवात येऊन बसलं. शरबत झालं, अत्तर झालं. मोरोपंतांनी दोनदा विचारलं, "व्याही दिसले नाहीत?" माझा भाऊ वसंत काय काय थापा मारून राहिला होता. कधी म्हणे आत आहेत, कधी म्हणे फुलं आणायला गेले. नवरा मुलगा घोड्यावरून उतरला तरी ह्यांचा पत्ता नाही. भटजींची वेगळीच घाई. माघाचे दिवस, त्यांना इथलं उरकून दुसऱ्या मांडवात जायचं होतं. ते घटिकापात्राकडे पाहत, मग माझ्याकडे.

"ताई, मी जातो आणायला," वसंत म्हणाला.

"तू मामा आहेस. मुलीला मांडवात तू आणायची. मी जाते."

"तू? मुलीची आई?"

"मुलीची आई मंगलाष्टकांना मांडवात नसतेच. तुळशीला पाणी घालत असते. समज, मी तुळशीपाशी आहे."

कुंदा, वसंताची बायको, माझा शालू धरून मला थांबवायला लागली. मी तिचा हात सोडवला आणि मागच्या दारानं टांग्यात बसले. जन्मात कधी एकटी टांग्यात बसले नव्हते. टांगेवाला माझा शालू, माझी नथ पाहून घाबरला. "बाई, लगन सोडून कुठी चालल्या?" मी म्हटलं, "जिनमध्ये. आणि घोडा पळव, नाहीतर मी खाली उतरून ओढीन टांगा!"

जिनच्या रस्त्यावर कापसाच्या गाड्याच गाड्या. मी उभी राहून गाडीवानांना ओरडत होते, "बाजूला घ्या रे! सरका!" नथ हलत होती, पदर ढळत होता. बैल जास्त समजूतदार, ते आधी सरकले.

ऑफिसच्या पायरीवर नत्थुजी बसला होता. मला पाहून ताडकन उठला.

"बाबूजी कुठं आहेत?"

"अंदर बसले हायेत."

"काम किती राहिलं?"

नत्थुजीनं इकडं तिकडं पाहिलं. "काम त कवाच झालं, बाई. वॅगनी भरून इंजन बी लागलं. पन साहेब मुंबईसंग फोनवर बोलून राहिला. हॅट नाई घातली अजून."

माझ्या कानात भोंगा वाजला असं वाटलं. काम झालं होतं! काम झालं होतं आणि हा माणूस बसला होता!

आत गेले. ओळीनं टेबलं, ओळीनं माना. ह्यांच्या टेबलावर काही नव्हतं, नुसते दोन हात. कपाळावरच्या अक्षता अजून तशाच. समोर भिंतीवर, ह्यांच्या नावाच्या खुंटीला, चारूनं आणलेली नवी कोरी टोपी लटकत होती.

"उठा," मी म्हटलं.

ह्यांचा चेहरा पांढराफटक. "अगं, तू इथं? हे बघ, साहेब ट्रंक कॉलवर आहेत. दोन मिनिटं. विचारल्याशिवाय कसं..."

"कोणाला विचारायचं? काय विचारायचं? माझ्या मुलीचं कन्यादान करू का, असं विचारायचं?"

"हळू बोल. ते बघताहेत."

मी भिंतीपाशी गेले, खुंटीवरची टोपी ओढली आणि ह्यांच्यापुढं आपटली. सगळ्या ऑफिसनं श्वास धरला. माणिकबाईच्या नवऱ्यानं तर डोळेच मिटले. आणि आमचे हे? ह्यांनी टोपीला हात लावला नाही. काचेकडे पाहिलं. तिकडं अक्षता हातात घेऊन माणसं उभी आहेत, आणि हा माणूस काचेकडे पाहतो! त्या क्षणी मला ह्यांची कीव आली नाही, काही नाही, फक्त संताप आला. अंगाची आग आग झाली.

मी केबिनचं दार ढकललं. साहेब फोनमध्ये मोठमोठ्यानं इंग्रजी ओरडत होता. मला पाहून त्यानं फोनवर हात ठेवला.

"बाई, हे ऑफिस आहे."

"आणि ती माझ्या नवऱ्याची टोपी आहे! काम संपलं नं? मग कशाला बसवून ठेवलं? तुम्हाला तिथं बायको नाही, पोर नाही, तर अख्ख्या अकोल्याच्या घरांना कुलूप लावणार का तुम्ही? लेकीचं लग्न आहे त्याच्या! त्याला एक दिवस दिला होता नं तुम्ही? दिलेलं परत घेता? भिकाऱ्यालेसुद्धा टाकलेलं कोणी परत मांगत नाही!"

संतापात माझी भाषा कुठच्या कुठं गेली, मला भान नव्हतं. साहेब उठायला लागला, फोनची तार त्याच्या हाताला गुंडाळली, तो पुन्हा बसला. "मी... मी काही त्यांना बांधून ठेवलेलं नाही," तो म्हणाला.

खरंच की! बांधून कुठं ठेवलं होतं? कोपऱ्यातल्या स्टँडवर त्याची हॅट होती. मी ती उचलली आणि त्याच्या डोक्यावर घातली, चांगली भुवयांपर्यंत दाबून. परपुरुषाच्या डोक्याला माझा हात लागला. लागू दे. मग दारात येऊन मी ओरडले, "साहेबानं हॅट घातली! उठा सगळे!"

आणि उठले हो! खुर्च्या करकरल्या, सगळे बाप्ये एकदम उठून उभे राहिले, भिंतीकडे वळले, आपापल्या टोप्या काढून डोक्यावर घालायला लागले. कोणाला वाटलं नाही, की आपण काय करून राहिलो. अंगवळणी पडलं होतं. केबिनमधून साहेब "सिट डाउन, सिट डाउन" करत होता, तोवर अर्धे दारात पोचले.

आमचे हेही उठले. हॅट पाहून उठले. मी म्हटलं तेव्हा उठले नाहीत, लेकीचं नाव घेतलं तेव्हा उठले नाहीत, हॅट पाहून उठले. हे मी आजतागायत विसरले नाही.

टांगा भरधाव निघाला. मला वाटलं, जिंकलो. लाइनीपाशी आलो तर फाटक बंद. समोरून मालगाडी मागं-पुढं करून राहिली होती, शंटिंग. एक डबा पुढं जाई, दोन मागं येत. मी डब्यांकडे पाहिलं, उघड्या दारातून गाठी दिसत होत्या, आणि गाठींवर कंपनीचा मार्का.

"ह्या आपल्याच," हे हळूच म्हणाले. "सकाळी भरल्या त्या."

"आपल्या? आपल्या म्हणता?"

मी टांग्यातून उतरले. थांबलेल्या डब्यांखालून लोक वाकून पलीकडे जातात, मी पाहिलं होतं. मी शालू खोचला. "चला, खालून जाऊ."

"अगं, तसं जायची मनाई आहे."

तेवढ्यात इंजिननं धक्का दिला, डबे खडखडले, फाटकवाला शिव्या देत धावत आला. मी मागं सरले. आणि त्या खडखडाटाच्या पलीकडून, आमच्या आळीच्या बाजूनं, सनई-चौघडा वाजायला लागला. बँडही लागला. मंगलाष्टकं संपली होती. माझ्या चारूच्या डोक्यावर अक्षता पडल्या होत्या, आणि आम्ही दोघं, तिचे आईबाप, गाठी मोजत उभे होतो.

हे टोपी सावरत म्हणाले, "कन्यादान नंतर असतं. अजून वेळ आहे."

गाडी एकदा पुढं गेली, एकदा मागं आली. पुन्हा पुढं गेली.

मांडवात पोचलो तेव्हा पाटावर वसंत आणि कुंदा बसले होते. कुंदाच्या हातात झारी, वसंताची ओंजळ ओली. भटजी दक्षिणा कमरेला लावत होते. कुंदा मला पाहून रडायलाच लागली. "ताई, भटजी थांबेनात. मोरोपंत म्हणाले, मामा-मामीही चालतात." तिला मी काय बोलणार? ज्या झारीची धार माझ्या हातून पडायची, ती तिनं धरली होती. मी गेले होते ह्यांना आणायला, आणि माझीही धार गेली.

चारूनं मान वर केली नाही.

मोरोपंत मात्र हसत पुढं आले. ह्यांच्या पाठीवर थाप मारून म्हणाले, "वा व्याही! लेकीच्या लग्नातही कंपनीला तुमच्यावाचून चालत नाही! तुमच्याशिवाय पान हलत नाही म्हणा की तिथं!" आणि हे हसले. बारीकसं, लाजल्यासारखं, पण हसले. त्यात अभिमान होता. मला तो दिसला. सगळ्या मांडवासमोर ह्यांच्या तोंडावर वाढलेलं ताट फेकावं असं मला झालं. नाही फेकलं, कारण पाहुणे उपाशी होते.

संध्याकाळी पाठवणी. ओटी भरली, चारूनं आधी वसंताला आणि कुंदाला नमस्कार केला, कन्यादान केलं त्यांना. मग आमच्याकडे आली. माझ्या गळ्यात पडून रडली, मीही रडले. ती बापाच्या पायाशी वाकली. ह्यांनी आशीर्वादाला हात उचलला, आणि त्याच वेळी लाइनीपलीकडून जिनचा भोंगा झाला. संध्याकाळच्या पाळीचा.

चारू सरळ झाली. दाराजवळच्या खुंटीकडे तिचा हात आपोआप गेला. तिनं रोजची काळी टोपी काढली, शालूच्या पदरानं पुसली आणि बापापुढं धरली.

"बाबा, भोंगा झाला."

तिनं टोमणा मारला नव्हता हो. तिच्या मनातही नव्हतं तसं. इतकी वर्षं केलं तेच तिच्या हातानं केलं. बोलून गेल्यावर तिलाच कळलं, तिचा चेहरा कसनुसा झाला. ह्यांनी टोपी घेतली. धरून उभे राहिले. मग हा माणूस, जो माझ्या सासूच्या चितेपाशीही रडला नव्हता, तो वऱ्हाडापुढं तोंडाला टोपी लावून हमसाहमशी रडला. मोरोपंतांना वाटलं, लेकीचा विरह. वाटू दे.

दुसऱ्या दिवशी सकाळी भोंगा झाला. टोपी द्यायला कोणी नव्हतं. खुंटीवर होती, हे तिच्याखाली ओट्यावर बसले होते. मी चहा दिला. थोड्या वेळानं नत्थुजी आला.

"बाबूजी, साहेबानं बलावलं. म्हने, झालं ते झालं. बाईनं येऊन माफी मांगावी म्हने, मंग काही नाई. तुमची जागा तशीच हाये."

मी तोंड उघडणार होते. ह्यांनी हात वर केला. ह्यांनी माझं बोलणं कधी थांबवलं नव्हतं, म्हणून मी थांबले. हे आयुष्यभर पुस्तकातल्यासारखं शुद्ध बोलले. घरात मी 'मले-तुले' बोलले तर मला टोकायचे. ते हे उठले, आणि आवाज चढवून म्हणाले, "सांग त्याले, माही खुंटी उपटून टाक म्हना! आन् बायको माफी नाई मांगत म्हना! ती माहीच मांगायची राहिली, लेकीची!"

नत्थुजी मग म्हणाला, "बराबर सांगतो, बाबूजी. जसंच्या तसं," आणि ताठ मानेनं निघून गेला.

आता सहा वर्षं झाली. हे नंतर एका अडत्याकडे लागले, पगार निम्मा, संध्याकाळी घरी. माझ्या भाजीला नावं ठेवतात. आळीतल्या बायका अजून मला म्हणतात, "सरोजिनीबाई, तुम्ही काय केलं त्या दिवशी! नवरा परत आणला!" मी मान हलवते. काय सांगू त्यांना? गेल्या महिन्यात चारूची मुलगी मला विचारत होती, "आजी, आईचं कन्यादान कोणी केलं?" हे शेजारीच बसले होते. मी म्हटलं, "मामाआजोबांनी." ह्यांनी दोन्ही हातांची ओंजळ केली, तिच्याकडे पाहिलं, आणि हात तसेच मांडीवर ठेवून बसून राहिले.